जुळ्या काळजाचा दाखला

मी पडलो ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. दुसरा कोण असता तर आपल्या घरात, आपल्या मोरीत पडला असता, चार शेजाऱ्यांना कळलं असतं आणि विषय मिटला असता. पण मी ज्योतिराम चौगुले, कुस्तीचा निवेदक. गेली तीस वर्षं कागल, करवीर, राधानगरी, शिराळा, जिथं जत्रेचं मैदान तिथं माझा आवाज. त्यामुळं पडलो तोही हातात माईक घेऊन, तीन कॅमेऱ्यांसमोर, शेवटच्या निकाली कुस्तीत. "पट काढला, पट काढला, अरं उचलला..." एवढं बोललो आणि आवाज बंद. पैलवान राहिले उभे आणि निवेदक चितपट! पोरांनी त्याचे व्हिडिओ गावभर फिरवले. हसू दे लेकाच्यांना. नंतर मलाही हसू आलं.

त्या दिवशी मात्र आलं नाही. ही दोन हजार एकेचाळीस सालच्या एप्रिलची गोष्ट. शुद्धीवर आलो तेव्हा गावातल्या डॉक्टर मगदुमांच्या दवाखान्यात होतो, हाताला सलाईन. मगदूम म्हणाले, "ज्योतिराम, नाडी पार सैरभैर झाली होती. रक्त तपासलंय, सलाईनमधनं औषध दिलंय. हा रिपोर्ट घे आणि उद्याच्या उद्या कोल्हापुरात हार्टच्या डॉक्टरला दाखव." मी "व्हय व्हय" म्हणालो, बाहेर आलो, कागदाचे चार तुकडे केले आणि गटारात टाकले. घरी सांगितलं, ऊन लागलं.

तुम्ही म्हणाल, काय येडा माणूस! येडा नव्हतो. माझी पोरगी स्वराली, वय वर्षं एकोणीस, जुलैत पुण्याला राष्ट्रीय निवड चाचणी खेळणार होती. नऊ वर्षांची असल्यापासून पहाटे उठून बैठका मारलेली पोर. आणि कुस्ती संघटनेचा नियम तोंडपाठ होता मला, कारण मीच तो माईकवरनं शंभर वेळा वाचून दाखवला होता. काही वर्षांमागं दोन तरणीताठी पोरं मॅटवर खेळता खेळता गेली. तपासण्या सगळ्या चांगल्या होत्या, तरी गेली. तेव्हापासून नियम झाला. खेळाडूच्या रक्ताच्या नात्यात कुणी अचानक कोसळलं, तर दोघांनीही जुळ्या काळजाची तपासणी करायची. दाखला मिळेपर्यंत खेळ बंद.

म्हणजे बापानं पडायचं आणि लेकीनं घरी बसायचं! ते मला होऊ द्यायचं नव्हतं. पण मी किती का कागद फाडले, तरी व्हिडिओ कसा फाडणार? आठव्या दिवशी संघटनेचं पत्र आलं.

स्वरालीनं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आबा, उद्या कोल्हापूरला जायचं."

"अगं, ऊन लागलं हुतं. लिहून कळवू."

"मी जातो. तुम्ही येतासा का उचलून नेऊ?" आमच्याकडं पोरी 'मी जातो, मी येतो'च म्हणतात, आणि ही उचलायला कमी करणारी नव्हे. मी निमूट निघालो.

कोल्हापूरच्या त्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर निलोफर मुजावर भेटल्या. पस्तिशीच्या असतील. माझा आवाज ऐकला आणि हसल्या. "काका, माझे वडील तुमची मैदानं मोबाईलवर ऐकतात. बसा." मग कागद पुढं ओढून त्यांनी प्रश्नांचा मारा लावला. औषधं कोणती घेता? एक नाही. दारू? नाव काढू नका. तंबाखू, मिश्री, मावा? सुपारीचं खांडसुद्धा नाही. काढे, आसवं, ताकदीची पावडर? छ्या! पूर्वी कधी चक्कर? मी पोरीकडं पाहिलं आणि म्हणालो, "न्हाई." हे खोटं होतं. तीन वर्षांपूर्वी, असाच हंगाम संपता संपता, गोठ्यात एकदा पडलो होतो. म्हशीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी यंत्र समजावून सांगितलं. छातीचे आतून-बाहेरून फोटो घेतात, अडीचशे बटणांचं जाकीट घालून काळजाची वीज मोजतात. वर एक नळी रक्त. त्या रक्तातल्या पेशींना मागं मागं नेतात, आईच्या पोटात असताना असतात तितक्या कोऱ्या करतात, आणि मग त्यांना काळजाच्या पेशी व्हायला शिकवतात. सहा आठवड्यांत काचेच्या बशीत तुमच्या काळजाचा तिळाएवढा तुकडा आपला आपण धडधडायला लागतो. त्याचे गुणदोष मोजायचे आणि संगणकात अख्खं काळीज उभं करायचं, हुबेहूब तुमचंच, जुळं. मग त्याला पळवायचं, तापवायचं, घाबरवायचं. जे खऱ्या माणसावर करून बघता येत नाही ते सगळं जुळ्यावर करायचं. पडलं तर ते पडेल, तुम्ही नाही.

"बिचारं," मी म्हणालो.

दोघांचं रक्त घेतलं आणि स्वरालीचा परवाना त्याच दिवशी थांबवला.

ते सहा आठवडे कुणाच्या वैऱ्यावर येऊ नयेत. पोरगी तालमीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. आमच्या मंडळींनी, रंजनानं, माझ्याशी बोलणंच टाकलं. तिला वाटायचं, मी माईकवर इतकं ओरडतो म्हणूनच हे झालं. एकदा स्वराली जेवताना ताटावरनं उठली आणि म्हणाली, "पडायला तुम्हाला हंगाम संपायची वाट बघता आली न्हाई?" लगेच तोंडावर हात धरून रडायला लागली. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

जूनच्या मध्याला बोलावणं आलं. मुजावर बाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन काळजं चालू होती, एक माझं, एक पोरीचं. पोरीचं जरा लहान, पण ठेका तोच. अंगावर काटा आला बघा.

"काका, प्रत्येक ठोक्यानंतर काळजाच्या पेशीला परत तयार व्हावं लागतं," बाई म्हणाल्या. "पैलवान डाव टाकून झाला की परत पवित्र्यात येतो तसं. तेवढ्यासाठी पेशीला बारीक दारं असतात, त्यातून पोटॅशियम बाहेर जातं. तुमच्या दोघांच्याही पेशींत त्या दाराच्या नकाशातलं एकच अक्षर इतरांपेक्षा वेगळं आहे. दार थोडं जड उघडतं. पवित्र्यात यायच्या आत दुसरा ठोका आला, तर काळीज नुसतं थरथरतं. रक्त पुढं जात नाही. माणूस कोसळतो, कधी उठतो, कधी उठत नाही."

स्वरालीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे माझं खेळणं बंद?"

"आमच्यातले दोन मोठे डॉक्टर तेच म्हणतात. वडिलांच्या छातीत झटका देणारं यंत्र बसवा, मुलीचा खेळ बंद करा आणि फाईल मिटवा. त्यांचं चुकत नाही, धोका पत्करायचा कशाला? पण माझं मन घेत नाही." त्यांनी माझ्या जुळ्याकडं बोट दाखवलं. "हे पडत नाही, काका. आठ हजार वेळा पळवलं. ताप दिला, भीती दाखवली, तुमच्या कुस्तीचा सगळा गोंधळ दिला. थोडं डगमगतं आणि सावरतं. तुम्ही पडलात, तुमचं काळीज पडत नाही. म्हणजे त्या दिवशी तुमच्यात असं काहीतरी होतं जे मला ठाऊक नाही. तुम्ही काहीतरी सांगितलेलं नाही."

माझं डोकं सणकलं. "मी काय खोटं बोलतो व्हय? माझा शब्द पंचक्रोशीत..." आणि तिथंच अडकलो. कारण मी खोटंच बोललो होतो. पोर माझ्याकडं बघत होती. तिचं सगळं आयुष्य त्या पडद्यावर टांगलेलं आणि मी आपला अब्रू सांभाळत बसलेलो.

सांगून टाकलं. गोठ्यात पडलो तेही, मगदुमांचा कागद फाडला तेही.

"फाडला?" स्वराली उभी राहिली. "कशापायी?"

"तुझ्यापायी गं. दाखल्याचं लफडं नको म्हणून."

"माझ्यापायी मरणार हुतासा? आणि मग मी काय, पदक घालून तुमच्या फोटोसमोर बसणार हुतो?" एवढं बोलली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. माझा सदरा भिजला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

मुजावर बाईंनी मगदुमांना फोन लावला. देवमाणूस! प्रत्येक रोग्याचे आकडे अजून वहीत हातानं लिहून ठेवतो. त्या दिवशीचं माझं पोटॅशियम २.३ होतं, पाहिजे साडेतीनच्या वर. बाईंनी तो आकडा जुळ्याला दिला. पोटॅशियम कमी झालं की ती जड दारं आणखी जड होतात म्हणे. आम्ही तिघंही पडद्याकडं टक लावून बसलो. अकराव्या मिनिटाला माझं काळीज अडखळलं, ठेका चुकला आणि नुसतं थरथरायला लागलं. बाईंनी पटकन थांबवलं. मी नकळत छातीवर हात ठेवला होता.

"सापडलं अर्धं," त्या म्हणाल्या. "आता हे पोटॅशियम गेलं कुठं? उलट्या-जुलाब नव्हते, औषध नव्हतं. आज तुमचं रक्त एकदम उत्तम आहे. काका, तुम्ही पळताना पडला नाहीत, बोलताना पडलात. तर इथं बोला. जाकीट घाला आणि तीच कुस्ती अगदी त्या दिवशीसारखी सांगा."

कुस्ती सांगायची म्हटल्यावर मी सगळं विसरलो. अडीचशे बटणं अंगाला, समोर माईक. बाह्या सरसावल्या, घसा खाकरला, बंडीच्या खिशातनं पुरचुंडी काढली, एक काडी मोडली आणि गालात धरली. "तर मंडळी..."

"थांबा! तोंडात काय घातलंत?"

"कुठं काय? ज्येष्ठमध हाय."

बाई खुर्चीतून उठल्याच. "किती खाता?"

"खात न्हाई हो, चघळतो. रस गिळायचा. घसा मोकळा राहतो. आमच्या गुरूंनी लावलेली सवय. एरवी घेत न्हाई, फक्त मैदानं असली की. डिसेंबरात एखाद-दुसरी काडी. मग जत्रा वाढतात तसा आवाज बसतो, तशा काड्या वाढतात. चैत्रात दिवसाला वीस, पंचवीस..."

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषध विचारलंत, व्यसन विचारलंत, काढा विचारलात. हे औषध कुठाय? हा तर घसा झाला माझा!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग अशा हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. नंतर समजावून सांगितलं. ज्येष्ठमधाच्या गोडव्यात एक द्रव्य असतं. ते शरीराला चकवतं. मूत्रपिंडाला वाटतं, मीठ धरून ठेवायचा हुकूम आलाय. मग ते मीठ धरतं आणि पोटॅशियम लघवीवाटे फेकत राहतं. कधीमधी चिमूटभर घेतलं तर काही होत नाही. पण महिनोन्महिने मूठमूठ घेतलं, आणि वर जड दारांचं काळीज असलं, की हंगामाच्या शेवटी माणूस आडवा! दोन्ही वेळा हंगाम संपतानाच पडलो होतो मी. पडल्यावर मैदानं बंद, म्हणून काड्या बंद, म्हणून रक्त सुधारलं आणि कुणाच्या हाती काही लागलं नाही.

मी पुरचुंडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "म्हणजे दोष काड्यांचा! पोरगी तर असलं काय चघळत न्हाई. पोरगी मोकळी!"

"थांबा," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "स्वराली, तुझं वजन किती? खेळतेस कुठल्या गटात?"

"सत्तावन्न. त्रेपन्नमध्ये खेळतो."

"चार किलो कशी उतरवणार आहेस?"

स्वरालीनं सरळ सांगितलं. कुस्तीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, घामाचा प्लास्टिक सूट घालून पळायचं, गरम खोलीत बसायचं, अगदीच कमी पडलं तर एरंडेल घ्यायचं. तालमीत सगळीच करतात. आतापर्यंत दीड-दोन किलोंवर भागलं होतं. यंदा अंग भरल्यामुळं पहिल्यांदाच चार. बाई एकेक करून ते पोरीच्या जुळ्याला सांगत गेल्या. पाणी बंद. घाम. एरंडेल. मग वजनकाट्यावर, आणि मग मॅटवर.

पहिली कुस्ती निभावली. दुसऱ्या कुस्तीच्या चौथ्या मिनिटाला ते लहान काळीज थरथरायला लागलं. बाईंनी या वेळी लगेच थांबवलं नाही. आम्हाला बघू दिलं. ते परत ठेक्यावर आलंच नाही.

मला आठवलं, मागच्या जत्रेत ह्याच पोरीसाठी मी माईकवर गरजलो होतो, "दोन दिवस पाणी तोडून मैदानात उतरलेली वाघीण!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी स्वतः वाजवून घेतल्या होत्या. ते आठवून जीभ झडली तर बरं, असं वाटलं.

मी पडलो नसतो, तर जुलैच्या त्या दुसऱ्या कुस्तीत ती पडली असती. सगळे म्हणाले असते, पोर नशिबाची फुटकी. मी त्या पडण्याचे पाय धरायला तयार आहे. हसणाऱ्या पोरांचेही धरीन.

दाखला मिळाला, पण अटीवर. रोजचं पाणी, महिन्याला रक्ताची तपासणी, काही ठरावीक औषधांना मनाई, वजन एक किलोही तोडायचं नाही. म्हणजे सत्तावन्नचा गट. आणि सत्तावन्नमध्ये साताऱ्याची तेजल निंबाळकर बसलेली, दोन वर्षं न हरलेली. स्वराली त्रेपन्नमध्ये राज्यात पहिली होती. इथं ती कुणीच नव्हती.

येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबा, त्रेपन्नमध्ये माझी निवड ठरल्यागत हुती."

"व्हय."

"दुसऱ्या डॉक्टरकडनं दाखला आणता येईल. मैत्रिणी सांगालत्या."

पूर्वीचा मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे. कागद फाडणारा माणूस मी. त्या दिवशी मी गाडी कडेला घेतली. "बाळा, तुझ्यापायी एक खोटं बोल म्हटलीस, तर मी दहा बोलीन. पण मी ते लहान काळीज थांबताना बघितलंय. आता माझ्याच्यानं होणार न्हाई. तुझ्या पाया पडतो."

तिनं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "पाया कसलं पडतासा? चला, भूक लागलीय. सत्तावन्न करायचं तर खायला नको व्हय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं मुजावर बाईंकडं गेलो. मैदानात मानाच्या पाहुण्याला फेटा बांधतात, तो मी माझ्या हातानं त्यांना बांधला, तिथंच, रोग्यांसमोर. रंजनानं ओटी भरली. "बाई, तुम्ही मशीनचं ऐकलंत आणि माझंही ऐकलंत," मी म्हणालो. "नुसतं मशीनचं ऐकलं असतं तर पोरगी गेली असती, नुसतं माझं ऐकलं असतं तर मी." त्या फेटा सावरत म्हणाल्या, "काका, इतकं जपून बांधलाय की आता राऊंडला असंच जावं लागणार." आणि खरंच तशाच गेल्या.

जुलैत पुण्याला गेलो. संयोजक म्हणाले, "चौगुले, लेकीची कुस्ती दुसऱ्या निवेदकाला द्या." मी म्हणालो, "तीस वर्षांत कुणाची बाजू घेतलेली दाखवा, माईक खाली ठेवतो." त्यांनी माईक माझ्याकडंच ठेवला.

पहिल्या दोन कुस्त्या स्वरालीनं मारल्या. अंतिम फेरीत तेजल समोर आली. पहिल्या तीन मिनिटांत दोघी बरोबरीत. ज्येष्ठमधाविना माझा आवाज फाटलेला, तरी चाललेला. दुसऱ्या तीन मिनिटांत तेजलनं एकेरी पट काढला, एकच पाय धरून ओढला, स्वरालीनं सोडवून घेतला आणि उलटून हात घातला, पण समोरची ताकदीनं भारी. तिनं स्वरालीला अंगाखाली घेतलं आणि दाबत गेली. दोन्ही खांदे मॅटला लागले. पंचानं शिट्टी मारली. चितपट.

तेजल उठली. स्वराली उठली नाही.

डोळे मिटून पडून होती. एक सेकंद गेला असेल, दोन गेले असतील. सगळं सभागृह माझ्या आवाजाची वाट बघत होतं आणि माझ्या तोंडातून हवासुद्धा निघत नव्हती. मग तिची छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. तिनं डोळे उघडले, छताकडं बघून एक शिवी हासडली, ती मला ओठांवरनं कळली, आणि उठून तेजलचा हात हातात घेतला.

आम्हा निवेदकांचा एक रिवाज आहे. जिंकलेल्याचं नाव तीनदा घ्यायचं, हरलेल्याचं एकदाच. त्याला मान खाली घालून गुपचूप जाऊ द्यायचं. मी तेजलचं नाव तीनदा घेतलं, कसर ठेवली नाही. आणि मग माझं मलाच आवरेना. "आणि कोल्हापूरची स्वराली ज्योतिराम चौगुले, उठली मंडळी! स्वराली चौगुले उठली! बघा, चालत निघाली स्वराली ज्योतिराम चौगुले!" लोक एकमेकांकडं बघायला लागले, की ह्या बापाला पोरगी हरल्याचं कळलं का नाही.

ती तरातरा माझ्या टेबलापाशी आली. घामानं निथळत होती, डोळे लाल. "आबा, हरलो मी. वरडालायसा कशाला?"

मी माईक बाजूला सारला. "हरलीस की. पुढच्या वर्षी बी हर, त्याच्या पुढच्या वर्षी बी हर. फक्त दर बारीला अशी चालत माझ्याकडं ये."

"असलं कसलं बोलणं?" ती म्हणाली, आणि माझ्या उपरण्यानं तोंड पुसलं. "पुढच्या वर्षी मारतो की तिला."